छत्रीवरची गोधडी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

टीव्ही बंद केला. म्हणजे मीच केला, आपोआप झाला नाही. काल दसऱ्याले डिशचा रिचार्ज संपला. ज्योत्स्नाच्या बाबानं मोबाइल हातात घेऊन इचारलं, "टाकू का?" मी म्हटलं, "नका टाकू." ते म्हणे, "पक्कं?" मी म्हटलं, "किती डाव सांगू?"

आता आठ वाजून गेले. या वेळेले मी टीव्हीसमोर असते. हाताले काम नाही म्हणून ज्योत्स्नाची अर्धी कोरी वही काढली. पहिल्या पानांवर तिच्या अभ्यासाचे आतड्याचे चित्रं आहेत. त्यायच्या पुढं मी लिहून राह्यली. चवथीपर्यंत शाळा झाली माही. अक्षर वाकडं आहे, पण कोणाले दाखवायचं आहे?

माही पोरगी ज्योत्स्ना वाशीमले नर्सिंग शिकते. खानावळवाल्या बाईनं पैसे वाढवले. पोरगी फोनवर म्हणे, "आई, मी एकच टाइम जेवीन." मी म्हटलं, "थोबाड फोडीन." मंग घरात काय काय फुकट जाते ते पाहलं. डिशवाल्याले दर महिन्याले पैसे द्या, कायच्यासाठी? सासू सुनेच्या दुधात जहर टाकते ते पाह्यासाठी. ते पाह्याले गल्लीतल्या चार-पाच बाया येतात, त्यायचा चहा वेगळा. बंद केलं त्यात माहं काय चुकलं?

चुकलं काहीच नाही. फक्त सांगता आलं नाही.

साडेसातले बाया आल्या. शेजारची हिरीबाई आपलं पोतं संगं आणते अन् दाराजवळ अंथरते. समोरची वैजयंती, माही चुलत जाऊ, ती बरोबर टीव्हीपुढं बसते. मागच्या साली तिनं आपल्या स्लॅबवरची छत्री काढून टाकली. डिशले आमी छत्रीच म्हणतो. सगळ्यायसमोर सरळ म्हणे, "एवढे पैसे भरणं परवडत नाही बापा." तवा मी तिले सोडलं नव्हतं. डिशच्या डब्ब्याले पैशाचा घास नाही म्हणून ती दारात दिसली की मी म्हणो, "या, उपाशी डब्ब्याच्या मालकीणबाई." बाया खदाखदा हसत. तीबी हसे अन् येऊन बसे.

आज तिनंच इचारलं, "काहून वो बाई, अंधार काहून?"

मी म्हटलं, "बिघडला."


४ ऑक्टोबर

लिहू की नको, लिहू की नको करून शेवटी लिहून राह्यली.

हिरीबाईचा भाचा देवानंद टीव्ही दुरुस्त करते. संध्याकाळी हिरीबाई म्हणे, "देवानंदले बलावते उद्या. माह्या शब्दावर फुकट पाहीन." देवानंद आला की पहिले बटन दाबीन, अन् पडद्यावर पैसे भरा म्हणून येते ते वाचीन.

मी म्हटलं, "टीव्ही चांगला आहे वो. छत्री सरकली वरती."

"अशी कशी सरकली? वारा नाई, वावधन नाई."

वैजयंती म्हणे, "वांदरं आले असतीन."

तेच धरून बसली असती तं भागलं असतं. वांदराले कोण जाब इचारते? पण हिरीबाई म्हणे, "वांदरं तं महिना झाला गावात दिसले नाई." अन् सगळ्या माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. तोंडातून निघून गेलं, "कमलीनं वली गोधडी टाकली छत्रीवर."

कमली तांड्यावरची. नाल्याच्या पलीकडं तांडा आहे. वीस वर्षं झाले, आमच्या वावरात कामाले येते. दिवाळी झाली की ती अन् तिचा नवरा सोमला ऊसतोडीले जातात, ते होळीच्या आसपास वापस. तांड्यावर टिनाचे घरं, बकऱ्या मोकाट, म्हणून दसऱ्याच्या आंधी ती आपल्या गोधड्या धुते अन् आमच्या स्लॅबवर वाळू घालते. अन् जाताना आपली लोखंडी पेटी आमच्या घरी ठेवते. दाराच्या मागं, दर साली तीच जागा. तिची चांदी, कागदं, चांगले लुगडे, सगळं त्यात. चावी तिच्याजवळ राहते. मी आजपर्यंत ती पेटी हलवूनबी पाहली नाही.

गेल्या सोमवारी तिच्या गोधड्या स्लॅबवर होत्या हे खरं आहे. दोरीवर होत्या. छत्रीवर नव्हत्या. हे इथं लिहून ठेवते, कारण तिथं बोलली नाही.


६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज सोयाबीन सोंगाले बाया लावल्या. कमली पहिल्या ओळीच्या पातीले होती. तिच्या पोचायच्या आंधी गोष्ट पोचली होती. हिरीबाई धुऱ्यावरूनच ओरडली, "कमले, एवढी मोठी दोरी होती, तं छत्रीच दिसली काय तुले? आमची मालिका बुडाली ना तुह्यापायी!"

बाया हसल्या. कमली उभी राहली, इळा हातात. माह्याकडं पाहलं. मंग पाती सोडून जवळ आली अन् हळूच म्हणे, "बाई, माह्या गोधडीनं बिघडली म्हणते छत्री?"

हीच वेळ होती. दोघीच होतो, कोणी ऐकत नव्हतं. नाही म्हणायले किती वेळ लागते?

मी म्हटलं, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

मी तिले माफ केलं! तिनं न केलेल्या गोष्टीची माफी मी तिले देल्ली, वरून मोठ्या मनाची झाली. ती "बरं" म्हणाली अन् पातीले लागली. दिवसभर वर पाहलं नाही तिनं.

कोजागिरीचं दूध दर साली माह्या आंगणात आटवतात. औंदा वैजयंतीच्या आंगणात आटवलं. मले बलावणं आलं होतं. पाय दुखतात म्हणून सांगितलं. बरं झालं, साखर वाचली.


९ ऑक्टोबर

सोंगलेल्या वावरात जे दाणे पडून राहतात तो सरवा, तो कमली वेचते. दर साली आमच्याच स्लॅबवर वाळवते. आज ती आली अन् सरवा फडक्यात भरू लागली.

मी खालून म्हटलं, "वाळला नाही तो. वला आहे अजून."

"नेतो बाई. उगीच अजून काई बिघडलं तं?"

स्लॅबवर ती जराशी थांबली. एकडाव दोरीकडं पाहे, एकडाव छत्रीकडं. किती नुकसान झालं ते पाहत असीन. मले वरती जाववलं नाही. दोरी अन् छत्रीमधात चांगलं आठ-दहा पावलं अंतर आहे.

मंग ती वैजयंतीकडं गेली जागा इचाराले. वैजयंतीनं खाटेवरूनच म्हटलं, "माह्या स्लॅबवर पाण्याची टाकी आहे बापा." हिरीबाईनं तं दारच लोटलं. कमलीनं सरवा नाल्याजवळच्या खडकावर पसरला. चार वाजता पाण्याचं शिंतड आलं. मी माह्या दारात उभी राहून पाहलं, फडकं आवराले ती पळत गेली ते.

आज तिनं चहा घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. कप तसाच पायरीवर राहला, त्यात मुंग्या पडल्या.


१२ ऑक्टोबर, रविवार

आज माही जी फजिती झाली ती कोणाची न हो.

कमलीची पोरगी मंजू मालेगावच्या एका मोबाइलच्या दुकानात कामाले आहे. लोकायचे रिचार्ज मारते, सिम देते. शिकलेली आहे, बोलणं टकटक. आज सुट्टी, तं कमली तिले घेऊनच दारात उभी. "बाई, पोरीले कळते यातलं. पाहू दे एकडाव. मले चैन नाई पडून राह्यली."

मी म्हटलं, "राहू दे वो, कायले." पण कमली जिन्यावर चढलीबी. "मी छत्री धरतो, तू खालून पाह्य," असं म्हणे.

घरात मंजू अन् मी. तिनं बटन दाबलं. पडदा उजळला अन् त्याच्यावर मोठ्या अक्षरात जे यायचं ते आलं. मले त्यातलं इंग्रजी समजत नाही, पण पैशाचं चिन्ह समजते. मंजूनं डब्ब्याचा नंबर आपल्या मोबाइलमधी टाकला, पाहलं. मंग माह्याकडं पाहलं.

वरून कमलीचा आवाज, "आलं का वं?"

मंजू मले म्हणे, "काकू, दोन तारखेले पैसे संपले याचे."

मी पडद्यावरची धूळ पदरानं पुसली.

"मंजू, आता पाह्य! थोडी फिरवली. आलं का चित्र?"

"छत्रीले काहीच झालं नाही," मंजू हळूच म्हणे. "माह्या मायचं नाव काहून घेतलं तुमी?"

"निघून गेलं तोंडातून."

"मंग माघारी काहून नाही घेतलं?"

वरून, "अवं बोल ना! ह्या बाजूनं फिरवू का?"

त्या पोरीच्या डोळ्यात पाणी होतं, पण आवाज चढला नाही. म्हणे, "तांड्यावरबी बाया तिले हसून राह्यल्या काकू. ती रात्री जेवत नाही. मी सांगत नाही तिले. तुमी सांगा. ऊसतोडीची गाडी यायच्या आंधी सांगा."

मंग ती आंगणात गेली अन् वरती ओरडली, "उतर याडी! हे माह्यानं होत नाही." तिच्या भाषेत मायले याडी म्हणतात.

कमली खाली आली. हाताले गंज लागलेला. मले म्हणे, "एवढी शिकली पण कामाची नाई," अन् हसली.

तिनं वरती फिरवून फिरवून आता छत्री खरंच सरकवली.


१३ ऑक्टोबर

सांगतलं नाही.


१६ ऑक्टोबर

ज्योत्स्नाच्या बाबाले सांगून पाहलं. त्यायचं नाव शालिग्राम, अन् बसतातबी तसेच, दगडासारखे. मले वाटलं ते म्हणतीन मी सांगतो कमलीले. ते म्हणे, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू बोलू देत असती तं बोललो असतो."

"आता तुमी जाऊन सांगा ना. सोमला तुमचं ऐकते."

"खोटं तुह्या तोंडातून निघालं. मी गेलो तं ते तुहंच राहीन, फक्त माह्या तोंडातून आलं म्हणून लोकं मलेबी हसतीन." थोडा वेळ सुपारी कातरली. मंग म्हणे, "रिचार्ज टाकून देऊ का? बाया परत येतीन."

"बायांसाठी रडून नाही राह्यली मी!"

ते सुपारी तोंडात टाकून आंगणात गेले.

बाया आता वैजयंतीच्या ओट्यावर बसतात. टीव्ही नाही, काही नाही, उगीच बसतात. हसण्याचा आवाज येते. हिरीबाईचं पोतं चुकून माह्याकडंच राहलं होतं, ते झटकून घडी करून ठेवलं. न्याले आली नाही.


२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ज्योत्स्ना आली. पोरगी वाळली आहे. तिले टीव्हीचं काही नाही, मोबाइलमधी डोकं. फराळ करताना म्हणे, "आई, कमलीमावशीचा डब्बा भरला का?" दर साली मी तिले चकल्या-करंज्याचा डब्बा देते. ती येते, अन् त्याच दिवशी सोमलाच्या खांद्यावर पेटी येते.

औंदा ती आली नाही. पेटीबी आली नाही. तोडीची गाडी अठ्ठावीसले आहे म्हणतात. दाराच्या मागची जागा मी सकाळीच सारवून ठेवली होती.

डब्बा भरलेला आहे. पोरीच्या हातानं पाठवू म्हटलं, तं पोरगी म्हणे, "तू काहून नाही जात? भांडण झालं काय?"

मी म्हटलं, "खाय गुमान."


२४ ऑक्टोबर

दुपारी आंगणात आवाज झाला म्हणून पाहलं तं कमली. डोक्यावर छत्री. खरंच, भारा आणावा तशी चुंबळीवर एक मोठी छत्री ठेवलेली. मागं सोमला, त्याच्या हातात डब्बा अन् वायरचं वेटोळं.

"बाई, आमच्या घरची आणली," कमली म्हणे. "फ्री वाली हाय. एकडाव घेतली की झालं, महिन्याचे पैसे नाई लागत हिले. आमी तोडीले जातो, पाच महिने धूळ खात पडते. तुमची बिघडली ना माह्यापायी. मंग ही लावा."

मी म्हटलं, "अवं नको. नको कमले."

"काहून? तांड्यावरची हाय म्हणून?"

तवर सोमला जिना चढून गेलाबी. तासाभरात बसवली. तुमची मालिका हिच्यात येत नाही म्हणे, पण जुन्या मालिका येतात, पिच्चर येतात, भजनं येतात. महिन्याले एक रुपया नाही.

मी ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते या बाईच्या टिनावर चार वर्षं झाले पडून होतं. मी एका शब्दानं इचारलं असतं तं तिनं सांगतलं असतं. मी इचारते काय कोणाले?

चहा देल्ला. आज तिनं घेतला. घेता घेता म्हणे, "बाई, पेटी आणू का औंदा?"

दर साली ती इचारत नाही, आणून ठेवते. आज इचारलं. मान खाली घालून, जशी काही उधार मागते.

मी म्हटलं, "हे काय इचारणं झालं? आण."

संध्याकाळी पेटी आली. फराळाचा डब्बा देल्ला. सांगणं मात्र झालं नाही.


२५ ऑक्टोबर

बातमी गल्लीभर झाली. बाया परत आल्या. हिरीबाई आपल्या पोत्यावर बसली, तिले भजनं भेटले, तिचं समाधान. म्हणे, "काईबी म्हणा, तांड्यावरची असून बाईनं भरून देल्लं. आपल्यातली असती तं तोंड लपवलं असतं."

कमली दारातच उभी होती, फराळाचा रिकामा डब्बा वापस द्याले आलेली. वैजयंती तिले म्हणे, "कमले, आता या छत्रीपासून तरी गोधडी दूर ठेवजो माय!"

सगळ्या हसल्या. कमलीबी हसली. मी तिच्या दातांकडं पाहत होती. मागच्या साली मी वैजयंतीले उपाशी डब्बा म्हणे तवा वैजयंती अशीच हसे. तेच हसणं. मले तवा वाटे तिले मजा येते.

उठली, चहाच्या नावानं आत गेली. गॅस पेटवला नाही. नुसती उभी राहली.

तीन हप्ते झाले मी स्वतःले सांगून राह्यली की पैसे पोरीसाठी वाचवले. पैसे पोरीसाठीच वाचवले. खोटं मात्र पोरीसाठी नव्हतं.


२७ ऑक्टोबर

सांगतलं. जसं झालं तसंच लिहिते.

सकाळी नाला ओलांडून तांड्यावर गेली. वीस वर्षांत मी तिच्या दारात दोनदा गेली असीन, तेबी मजुरीले बलावाले. ती पीठ भरून राह्यली होती, पाच महिन्याचं सामान. मले पाहून खाट झटकली. मी बसली नाही.

मी म्हटलं, "कमले, छत्री बिघडली नव्हती. मी पैसे भरले नाही म्हणून बंद होती. तुह्या गोधडीचं मी खोटं सांगतलं."

तिनं पिठाच्या गठड्याची गाठ मारली. घट्ट मारली. मंग म्हणे, "मले माहीत हाय."

"मंजूनं सांगतलं?"

"मंजू कायले सांगीन? गोधडी म्या टाकली होती ना. दोरीवर टाकली होती. मले माहीत नसीन तं कोणाले माहीत असीन?"

पहिल्या दिवशीपासून! त्या दिवशी वावरात, सरवा नेला तवा स्लॅबवर, छत्री डोक्यावर घेऊन आली तवा. मले वाटे मी हिच्यापासून लपवून राह्यली.

"मंग भांडली काहून नाही माह्याशी? छत्री काहून आणली?"

"भांडली असती तं पेटी कुठं ठेवली असती बाई?" तिनं सरळ माह्याकडं पाहलं. "हे सगळे घरं पाच महिने उघडे पडतात. चोर येते, उंदीर येते. पेटी तुमच्या घरी राहते म्हणून मले तिथं झोप लागते. तुमी म्हटलं माह्यानं बिघडली, तं बिघडली. भरून देल्ली."

मी म्हटलं, "चुकलं माहं."

"मले कायले सांगता?" ती म्हणे. "मले माहीतच होतं. त्या बायायनं मले भर वावरात हासलं, दारं लावले. सांगायचं तं तथी सांगा."

संध्याकाळी बाया आल्या. कमलीले मी मुद्दाम बलावलं होतं. ती आत आली नाही, हिरीबाईच्या पोत्याच्या कोपऱ्यावर बसली. भजन चालू होतं. मी बटन बंद केलं.

"अवं!" हिरीबाई ओरडली.

मी उभ्यानंच बोलली. बसून बोलली असती तं झालं नसतं. "आपली छत्री बिघडली नव्हती. मीच पैसे भरणं बंद केलं. पोरीची खानावळ वाढली. कमलीनं काही केलं नाही. मी खोटी बोलली."

हिरीबाईनं एकडाव कमलीकडं पाहलं, एकडाव माह्याकडं. मंग म्हणे, "हात मेले! अन् मी भर वावरात तिले... माह्या तोंडात पाप घातलं ना तू, विजयमाले!"

वैजयंती म्हणे, "पैसे नाई भरत म्हणायले काय झालं होतं बाई तुले? मी नव्हतं म्हटलं?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "तू म्हटलं, तवा मी तुले काय काय बोलली ते आठवते ना?"

"आठवते," ती म्हणे.

एवढंच म्हणाली. मी तयार होती, तिनं आता उपाशी डब्ब्याचा सगळा हिशोब काढावा, सगळ्यायसमोर. तिनं काढला नाही. पदर सावरून बसली. कमलीकडं सरकली अन् म्हणे, "कमलीबाई, माह्या स्लॅबवर टाकीबिकी काही आड येत नव्हती. मीबी खोटंच बोलली होती." कमलीबाई म्हणाली ती. आमच्या गल्लीत तिले कोणी बाई लावत नाही.

कमली उठली, "गाडी सकाळी हाय," म्हणे, अन् गेली.

मले वाटलं, झालं. डोक्यावरचं उतरलं. दोन घास जास्त जेवली मी.


२८ ऑक्टोबर

सकाळी उजाडल्या उजाडल्या कमली अन् सोमला दारात. तोडीची गाडी शाळेजवळ उभी होती, हॉर्न वाजून राह्यला होता. मले वाटलं निरोप घ्याले आले. मी चहा टाकला.

कमली म्हणे, "बाई, पेटी नेतो."

"कुठं?"

तिनं समोर पाहलं. वैजयंती आपल्या दारात उभी होती, खराटा हातात.

"काहून कमले? मी सांगतलं ना सगळ्यायसमोर. तू म्हणाली तसंच सांगतलं."

"हाव. सांगतलं तुमी. राग नाई मले," ती म्हणे. खरंच राग दिसत नव्हता. राग असता तं मी काही बोलली असती. "पण पेटीत माहं सगळं हाय ना बाई. आता मले तथी झोप नाई लागणार."

सोमलानं पेटी खांद्यावर घेतली. दारातून नेताना तिचा कोपरा चौकटीले लागला, रंगाचा एक टवका उडाला. तो म्हणे, "माफी असावी." मले म्हणे!

मी म्हटलं, "छत्रीबी घेऊन जा मंग. ठेव वैजयंतीकडं."

"राहू द्या," कमली म्हणे. "देल्लेली वस्तू माघारी घेत नाई आमी. होळीले आली की पाहू."

चहा तिनं उभ्या उभ्या घेतला. कप धुऊन पालथा ठेवला. तिले मी वीस वर्षांत कधी म्हटलं नाही की कप धू नको. आज म्हणावं वाटलं, तवर ती गल्लीच्या टोकाले पोचली होती.


२ नोव्हेंबर, रविवार

टीव्ही चालू आहे. पैसे लागत नाहीत. पोरीच्या खानावळीचं भागलं. मी ठरवलं होतं ते सगळं झालं.

बाया येतात. हिरीबाई दोन दिवस रुसली होती, भजनासाठी तिसऱ्या दिवशी आली. वैजयंतीबी येते. टोमणा मारत नाही. मारला असता तं बरं झालं असतं, मी दोन मारले असते अन् संपलं असतं. काल ती म्हणे, "कमलीचा फोन आला होता, पोचले म्हणे तोडीच्या खोपीवर." मी म्हटलं, "बरं." मले फोन आला नाही. दर साली पहिला फोन मले येत असे. "बाई, पेटी बरी हाय का?" असं इचारे ती. मी म्हणो, "पेटीले काय धाड भरली!" ती हसे, फोन ठेवून दे. दहा-बारा शब्दांचं बोलणं, पण दर साली.

आज ज्योत्स्नाचे बाबा सोयाबीनची शेवटची दोन पोती घेऊन आले. घरात ठेवाले जागा पाहू लागले. दाराच्या मागची जागा रिकामी दिसली तं म्हणे, "हे इथं टाकतो."

मी म्हटलं, "तिथं नका ठेवू."

"काहून? पेटी तं नाही आता."

"होळीपर्यंत तिथं काही ठेवायचं नाही," मी म्हटलं.

ते उभे राहले, पोतं पाठीवर. मंग सरळ आत गेले अन् पोतं देवघरापाशी टाकलं, जाण्यायेण्याच्या वाटेवर. आता येता-जाता पायाले लागते.